फाटकासमोरची रजा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागतो, शंकरपाळ्यांचा चुरा आणि चकल्यांचे तुकडे उरतात, त्या सुमारास मेंढरं रस्त्यावर येतात. बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला आता दुभाजक आहे, सिग्नल आहे. पण कळप आला की सिग्नलला कुणी विचारत नाही. पुढे घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि मागे रस्ताभर मेंढरं. पहिल्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली थांबतात. कुणी हॉर्न वाजवून बघतो, कुणी हेल्मेट काढून डोकं खाजवून घेतो. धुळीत लोकरीचा तेलकट वास मिसळतो आणि कळप पुढे गेला तरी थोडा वेळ तिथेच राहतो.

इंदापूर तालुक्यातून, निरवांगीच्या बाजूने, हे कळप निघतात आणि घाट उतरून कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. पूर्वी फार जायचे, आता थोडे जातात. जाणाऱ्यांची मुलं कारखान्यात आहेत, बँकेत आहेत, पोलिसात आहेत.

माझे दाजी नामदेव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, अशाच घरातले. आता निवृत्त आहेत. काटेवाडीच्या रस्त्याला त्यांचं घर आहे. यंदा फराळाला बसलो असताना त्यांची मुलगी स्वाती सहज सांगत होती. ती पुण्यात एका कंपनीत आहे.

"पप्पा, आमच्याकडं अनलिमिटेड लीव्ह सुरू केलीय. कितीही रजा घ्या, पगार कापत नाहीत."

दाजींनी चकली मोडली. "मागल्या साली कुनी किती घेतली?"

स्वाती थोडा विचार करून म्हणाली, "तशी फार कुणी घेत नाही."

"का?"

"कितीही म्हटल्यावर किती घ्यायची तेच कळत नाही."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. आत अक्का चहा गाळत होती, तिचा हात थांबला. स्वातीला वाटलं, आम्हाला गोष्ट समजली नाही, म्हणून तिने ती पुन्हा सांगितली. आम्ही पुन्हा ऐकली.

*

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर होतो आणि अक्काच्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत राहत होतो. बातम्या फॅक्सने जायच्या. फॅक्स बंद असला की पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. दाजी एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. दूध साठवायच्या स्टीलच्या टाक्या तिथे बनत. स्वाती तेव्हा पाळण्यात होती.

त्या वर्षी कारखान्यात नवा साहेब आला होता. मालकांचा पुतण्या, बाहेरदेशी शिकलेला. मराठी स्वच्छ बोलायचा, पण थोडं थांबून थांबून, पायाखाली चिखल असावा तसं. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, लेथला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. पेढे वाटून झाल्यावर साहेब म्हणाला, "या दिवाळीत ज्याला जितकी रजा लागेल तितकी त्याने घ्यावी. पगार चालू राहील."

कुणी टाळी वाजवली नाही. काटेवाडीचे जगूआबा, कारखान्यातले सगळ्यात जुने वेल्डर, उठून उभे राहिले. घरी ऊस, साखर कारखान्याचे सभासद, सभेत उठून प्रश्न विचारायची सवय.

"साहेब, अर्ज कुनाकडं द्यायचा?"

"अर्ज नको."

"मग कारन?"

"कारणही नको, आबा. तुमची सुट्टी, तुमचं कारण."

आबा खाली बसले. संध्याकाळी फाटकाबाहेर, सायकलचं कुलूप काढता काढता, ते दाजींना म्हणाले, "अर्ज न्हाय, कारन न्हाय. उद्या कुनी इचारलं, हा गडी रजेवर व्हता का पळून गेला व्हता, तर सांगनार कोन?"

ही शंका बिनबुडाची नव्हती. त्या कारखान्यात, आणि आसपासच्या सगळ्याच कारखान्यांत, रजा मिळायची ती कारणावर. उसाला पाण्याची पाळी आली, सोयरीक बघायला पाहुणे येणार, गावची जत्रा, घरात मौत. कोणत्या कारणाला किती रजा मिळते हे सगळ्यांना पाठ होतं. मौतीला जास्त मिळायची, त्यामुळे मौती फार व्हायच्या. एका टर्नरचा चुलता तीनदा वारला होता. आधीचा मॅनेजर तिसऱ्या वेळेला सही करताना म्हणाला होता, "आता तरी दहाव्याचं जेवण घाला." दोघंही हसले नव्हते. सही झाली होती. खोटं सांगायचं, खोटं आहे हे समजून घ्यायचं आणि रजा द्यायची, अशी ती रीत होती. तिच्यात एक भक्कमपणा होता. नव्या साहेबाने ती रीतच काढून घेतली आणि तिच्या जागी मोकळं मैदान ठेवलं. मैदानात उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

दसरा ते दिवाळी या काळात बारामतीत जी काही चर्चा झाली ती मी ऐकत होतो. दिवाळीत माणसं घरी पाठवून मशिनी हलवणार. कंत्राटी पोरं भरणार. कुणाच्या तरी मेहुण्याने पिंपरीकडे असंच काही पाहिलं होतं, पण मेहुणा कोण ते सांगणाऱ्याला सांगता येत नव्हतं. जगूआबांचा मुद्दा मात्र कुणालाही खोडता आला नाही. ते म्हणाले, "ज्याच्याबिगर आठ दिस काम अडत न्हाय, त्याच्याबिगर साल कशाला अडंल? त्यास्नी बघायचंच हाय, कोन किती दिस नसला तरी चालतंय."

मी साहेबाला जाऊन भेटलो. त्याने चहा मागवला. म्हणाला, "मला रोज खोटं ऐकायचा कंटाळा आला. माणसं दिवाळीत घरी जाणारच, निदान खरं सांगून जाऊ देत."

"लेखी देणार का?"

"लेखी दिलं तर मर्यादा घालावी लागेल, असं काका म्हणतात."

हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर एक ट्रक मागे येत होता. तो ट्रककडे बघत होता की माझी नजर टाळत होता, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "घेतली का कुणी रजा?" म्हटलं, अजून नाही. "घेतली की पाठव." ती बातमी कधीच गेली नाही.

*

नेमके त्याच दिवसांत, गुरुवारच्या बाजाराला, दाजींचे वडील बारामतीला आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. उंच, वाळलेले, पटक्याचा रंग धुऊन धुऊन फिका पडलेला. घरात आले की खुर्चीवर बसत नसत, भिंतीला टेकून जमिनीवर बसत आणि काठी आडवी मांडीवर ठेवत. निरवांगीला त्यांची मेंढरं होती. भावाच्या मुलांबरोबर, म्हणजे दाजींच्या चुलतभावांबरोबर, ते दरसाल कोकणात जात.

चहा बशीत ओतून पिऊन झाल्यावर म्हणाले, "औंदा शेवटचं. गुडघं ऐकत न्हायती."

दाजी म्हणाले, "कवापास्नं म्हनतोय मी, बास करा."

"म्हनून म्हनतो, एक डाव माझ्यासंगं चल. घाटापतोर. घाट दिसला की मागं फीर."

धनगराच्या घरात जन्मून दाजी कधी मेंढरांमागे कोकणात गेले नव्हते. लहानपणीच तात्यांनी त्यांना इंदापूरच्या वसतिगृहात घातलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पोरगा घरी यायचा, चार दिवस राहायचा आणि वाडा निघाला की तात्या त्याला एसटीत बसवून वसतिगृहाकडे धाडायचे. वाडा म्हणजे मेंढरं, घोडं, माणसं, चूल, सगळं मिळून. पायाला भेगा पडू नयेत म्हणून पोराला शाळेत घातलं, असं तात्या सांगायचे. मग आयटीआय झालं, नोकरी लागली, दिवाळीची रजा चार दिवसांची मिळायची. बापाची मेंढरं कोणत्या वाटेने जातात हे दाजींना ऐकून माहीत होतं, मला माहीत होतं तितपतच.

अक्का दारात उभी होती. म्हणाली, "मामंजी, यांच्या कारखान्यात औंदा पायजे तेवढी सुट्टी हाय म्हनं. पगार चालू."

तात्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. "किती?"

"पायजे तेवढी," दाजी म्हणाले.

"फुकटची?"

"व्हय."

तात्यांनी बशी उपडी घातली. "बघ मग," एवढंच म्हणाले. पण जाताना चप्पल घालायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

ते गेल्यावर अक्का दाजींना म्हणाली, "अवो, जावा तुमी. पर आधी बघा, आनखी कोन कोन जातंय." मला नंतर कळलं की त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक घरात बायको नवऱ्याला हेच म्हणाली होती. प्रत्येकजण दुसरा कोण जातो ते बघत होता.

*

शेवटी दिवाळीत माणसांनी रजा घेतली. आणि ती कशी घेतली हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, चहाची टपरी होती. पहिल्या पाळीच्या वेळेला रजेवरची माणसं तिथे हजर असायची. अंगाला उटण्याचा वास, केसांना तेल, अंगात नवे, घडीच्या खुणा न मोडलेले शर्ट. हातात चहा, नजर फाटकावर. कोण आत जातो, कोण जात नाही, कुठला ट्रक आला, कुठला बाहेर पडला. आत कामावर असलेलेही मधूनच फाटकाशी येऊन बाहेर बघत. बाहेरच्यांना वाटायचं, आतले साहेबाच्या नजरेत भरायला थांबलेत. आतल्यांना वाटायचं, बाहेरच्यांना काहीतरी आधी कळलंय.

वॉचमन लष्करातून आलेला होता, त्याला सुभेदार म्हणत. तो एकदा रस्ता ओलांडून टपरीवर आला.

"तुमी रजेवर हायसा न्हवं?"

"हाय की," जगूआबा म्हणाले.

"मग हितं काय करताय?"

"च्या पितोय. च्या प्यायला बंदी हाय का?"

"काटेवाडीत च्या मिळत न्हाय?"

"मिळतोय. पर तितनं फाटक दिसत न्हाय."

सगळे हसले, सुभेदारही हसला. पण दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा तिथेच होते. लक्ष्मीपूजनाला सगळं बंद होतं, तरी एक जण खात्री करायला येऊन गेला. कंपाउंडच्या भिंतीला कान लावून त्याने आतून आवाज येत नाही हे ऐकलं आणि मग तो घरी पूजेला गेला.

या मंडळींना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी तेव्हा म्हटलं नाही. मी स्वतः रोज त्या टपरीवर होतो.

*

पाडव्याला दाजीही रजा घेऊन निघाले, आम्ही सगळे निरवांगीला गेलो. मेंढरांच्या कपाळाला गुलाल लावला होता, वाघरीला हळदकुंकू. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, मुक्कामाला चारी बाजूंनी उभी करतात. भाऊबीज आम्ही तिथेच केली. अक्काने ओवाळलं तेव्हा ताटातल्या दिव्यामागे घोड्यावर सामान बांधलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वाडा निघाला. दाजींनी पायात कारखान्याचे बूट घातले होते. चुलतभाऊ हसले. तात्या म्हणाले, "राहू द्या. त्याचं त्याला कळंल."

वाट नीरा नदीच्या कडेकडेने वर जाणारी. पुढे नीरा गाव, मग भोर, मग वरंध्याचा घाट. पण मेंढरांची वाट एसटीसारखी ठरलेली नसते. शेतकरी वाटेत अडवतात, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की तेच खत. त्याच्या बदल्यात धान्य मिळतं. जिथे बोलावणं तिथे मुक्काम, त्यामुळे आज वाडा कुठे आहे हे उद्या कुणालाही सांगता येत नाही.

चार-दोन मुक्कामांनी वाडा सांगवीजवळ आला. अक्का आणि मी बारामतीला परतलो होतो; तिने चिवड्याचा डबा दिला म्हणून मी लूना घेऊन तिकडे गेलो. दिवस मावळायच्या बेतात होता. ऊस तुटलेल्या रानात वाघर लागली होती. तात्यांच्या कुत्र्याला लूनाचा भरवसा वाटेना, ते तिच्याभोवती फिरत राहिलं. दाजी चुलीपाशी अनवाणी बसले होते. बूट घोड्याच्या सामानावर बांधलेले होते. त्यांच्या पायाला फोड आले होते आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी फाटकासमोर कधी पाहिलं नव्हतं. दुपारी एक मेंढी व्याली होती. कोकरू त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. ते हलत नव्हते.

जेवणं झाली. तात्यांनी मुलाकडे न बघता विचारलं, "नामा, खरं सांग. काढलं न्हवं तुला?"

"न्हाय तात्या. सांगितलं की, रजा हाय."

"फुकटचा पगार कोन देतंय? तुला लाज वाटती म्हनून सांगत न्हाईस. मी रागवायचा न्हाय."

"देवाशप्पथ रजा हाय."

"मग कागुद दाव."

"कागुद न्हाय."

तात्या माझ्याकडे वळले. "पावनं, तुमी पेपरवालं. खरं काय हाय?"

मी म्हणालो, "तात्या, साहेब तसं म्हणाले."

"म्हनालं. पर हाय का तसं?"

माझ्या धंद्यात कुणी काय म्हटलं एवढंच सांगता येतं. मी तेच पुन्हा सांगितलं. तात्यांनी काठीने चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाले, "सकाळी या पावन्यासंगं जा. फाटकावर तोंड दावून ये. नोकरी हाय का बघ. असली तर ये माघारी, आमी हाय वाटंत. हितं न्हायतर नीरंच्या अलीकडं गावू."

"तात्या, काय गरज न्हाय."

"तुला शाळंत घालायला मी दरसाल तुझ्याबिगर चाललो. एका चालन्यापायी त्ये घालवू व्हय?"

सकाळी दाजींनी कोकरू चुलतभावाकडे दिलं, बूट सोडवून घातले आणि ते माझ्या लूनावर मागे बसले. तात्या रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, "दोन दिसांत ये."

*

फाटकासमोर सगळं जसंच्या तसं होतं. टपरी, जगूआबा, नवे शर्ट. आता त्यांच्या घड्या मोडल्या होत्या. दाजी उतरले तशी सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय रं नामा, कुठं व्हतास? आमाला वाटलं, तुला आधीच धाडला," आबा म्हणाले.

"तात्यासंगं व्हतो."

"मग आलास का?"

"तोंड दावायला."

"बरं केलंस." आबांनी त्यांना चहा दिला. हे उत्तर तिथे सगळ्यांना रास्त वाटलं.

तेवढ्यात साहेबाची पांढरी जीप आली. फाटकाशी हळू झाली. साहेबाने काच खाली केली, रस्त्यापलीकडे दाजींना पाहिलं आणि हसून विचारलं, "काय नामदेव, संपली का रजा?"

टपरीवर सगळे ऐकत होते. दाजी ताठ उभे राहिले. साहेबाने तोंडावर विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणायची त्यांच्या अंगाला सवय नव्हती. रजा संपली नाही असं म्हणायचं, तर मग किती उरली ते सांगावं लागेल, का उरली ते सांगावं लागेल. आणि कारण तर कुणी मागितलंच नव्हतं.

"व्हय साहेब," दाजी म्हणाले.

"छान. या मग आत."

दाजी आत गेले. जाताना त्यांनी एकदा मागे पाहिलं, माझ्याकडे. त्यांच्या बुटांना सांगवीच्या रानातला चिखल होता.

एकदा रजा संपली असं सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा ती कशी मागायची. दाजी पाळीला जात राहिले. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे अधिक. शेवटी त्यांनी हिंमत केली आणि निघाले. त्यासाठी त्यांनी आबांच्या सल्ल्याने रीतसर अर्ज लिहिला. कारण घातलं, चुलता वारला. साहेबाने अर्ज वाचला आणि काही न बोलता सही केली. त्याचा चेहरा पडला होता, असं दाजी नंतर म्हणाले.

ते एसटीने नीरेला उतरले. पाणवठ्यावर, चहाच्या दुकानात, रस्त्याकडेच्या शेतात विचारत गेले. एका रानात तीन दगडांची चूल सापडली, राख थंड होती, लेंड्या वाळल्या होत्या. रानाचा मालक म्हणाला, "बसली व्हती की मेंढरं. त्यातला म्हातारा म्हनला, पोरगं यायचंय. म्हनून एक दिस जादाच बसली. मग बाकीच्यांनी घाई केली."

दाजी भोरपर्यंत गेले. तिथे कळलं, कळप पुढे गेले, कुठला कुणाचा कोण जाणे. भोरच्या स्टँडवर ते बारामतीच्या गाडीत बसले. घाट त्यांनी पाहिला नाही.

*

उन्हाळा सरता सरता एका दुपारी तात्या आमच्या दारात उभे राहिले. एसटीने आले होते. खांद्यावर गुंडाळलेली वाघर, हातात काठी. मेंढरं पुतण्यांना देऊन टाकली होती. पुढच्या सालापासून ते जाणार नव्हते. ते भिंतीला टेकून बसले, काठी आडवी मांडीवर ठेवली. दाजी समोर बसले.

"नोकरी हाय न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"हाय."

"मग बरं केलंस, गेलास त्ये."

अक्काने चहा आणला. तात्या तो पिऊन निरवांगीला गेले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, शेती पाहिली, नातीला खांद्यावर घेऊन गावभर फिरवली. त्या दिवाळीबद्दल बापलेकांत पुन्हा बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. वाघर मात्र त्यांनी मोडू दिली नाही. आधी निरवांगीच्या घरी आढ्याला टांगलेली होती, आता दाजींच्या घरी, जिन्याखाली आहे.

पुढच्या खंडेनवमीला पेढे वाटून झाल्यावर साहेब थोडक्यात बोलला. गेल्या दिवाळीला मोकळी रजा ठेवली होती, पण ती फारशी कुणी वापरली नाही, तेव्हा गरज दिसत नाही. यंदापासून पुन्हा पूर्वीसारखं. जगूआबा शेजाऱ्याला म्हणाले, "बघ. काढून घेतली का न्हाय? म्हनत व्हतो मी." फाटकाबाहेर माणसं मोकळी हसत होती. त्या वर्षी दिवाळीत टपरीवर कुणी नव्हतं. टर्नरचा चुलता पुन्हा एकदा वारला.

त्या रजेत काही काळंबेरं होतं याचा पुरावा मला कधी मिळाला नाही. नव्हतं याचाही मिळाला नाही. कुणाला काढलं नाही, मशिनी हलल्या नाहीत. साहेब काही वर्षांनी निघून गेला, कुठे ते माहीत नाही. दाजींना अजून विचारलं, साहेब खरं बोलत होता का, तर ते म्हणतात, "आसंल बी." त्यापुढे जात नाहीत.

*

यंदा स्वातीने आठवडाभराची रजा घेतली आहे. भाऊबीज झाली तरी ती थांबली. सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. दाजी शेजारी तंबाखू मळत होते.

"रजेवर हायस न्हवं?" दाजींनी विचारलं.

"हो पप्पा. काम नाही करत. नुसतं उघडून ठेवलंय."

"कशापायी?"

"नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. आहे एवढं कळतं त्यांना."

दाजींचा तळहात थांबला. ते वाकून पडद्याकडे बघत राहिले. ठिपका बारीक होता, त्यांना चष्मा लावावा लागला.

रस्त्याकडून घंटेचा आवाज आला, मग ओरडणं, मग हॉर्न. कळप येत होता. दाजी उठले, चप्पल घातली, पायरी उतरले. "चल," ते स्वातीला म्हणाले. "पुलापतोर चालू जरा त्यांच्यासंगं."

"दोन मिनिटं पप्पा, एक मेसेज आलाय. तुम्ही व्हा पुढं, मी आलेच."

घोडं कंपाउंडच्या भिंतीपलीकडून गेलं. कोंबड्या दिसल्या, मग मेंढरांच्या पाठी. धूळ ओट्यापर्यंत आली. दाजी क्षणभर रस्त्याकडे बघत राहिले. मग माघारी फिरले, चप्पल पायातच ठेवून तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"न्हाय," ते म्हणाले. "पुढं गेल्यालं गावत न्हाय."